प्रतीक्षाधीन गठ्ठा: नागरिकत्वाचं कामकाज बघणारा मोठा अधिकारी करतो तरी काय?

प्रश्न असा आला आहे: “कॅनडासारख्या देशात इमिग्रेशन आणि नागरिकत्वाच्या कामकाजाचा प्रमुख असं एक वरिष्ठ पद असतं. आपल्याकडे ते कुणाकडे आहे? तो अधिकारी दिवसभर अर्जांवर सह्याच करतो का? मी नागपूरची, राज्यसेवेची तयारी करते. जरीपटक्यात आमच्या मागच्या गल्लीत सिंधमधून आलेलं एक कुटुंब राहतं. तेरा वर्षं झाली, अजून नागरिकत्व नाही. अडतं कुठे?”

शेवटचा प्रश्न आधी घेतो. आधीच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर त्याच्याच पोटात आहे.

महसूल खात्यात नवीन लिपिक रुजू झाला की त्याला सहा गठ्ठे पद्धत शिकवतात. कपाटातले कागद सहा गठ्ठ्यांत लावायचे: बैठकीवरचे, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे. नागरिकत्वाची फाईल जन्मभर या दुसऱ्या गठ्ठ्यात राहते. मंजूर नाही, नामंजूर नाही, गहाळही नाही; कुणाच्या तरी उत्तराची वाट बघत पडलेली. लिपिकाच्या लेखी त्याचं काम झालेलं असतं. पत्र गेलं, जावक क्रमांक पडला, आता तिकडून यायचं. नोकरीच्या काळात हे काम माझ्याकडे दोनदा आलं, दोन वेगवेगळ्या ठिकाणी. कुठे ते सांगत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यातली चूक माझी होती, कार्यालयाची नव्हे. पण माझं मत तेव्हापासून पक्कं आहे. या कामावरचा वरिष्ठ अधिकारी ओळखायचा तो दुसरा गठ्ठा स्वतः उघडून बघतो की नाही, यावरून.

आता पद कुणाकडे, ते. आपल्याकडे अशी एक खुर्ची नाही, तुकडे आहेत. नागरिकत्व द्यायचं की नाही हा अधिकार नागरिकत्व अधिनियम १९५५ प्रमाणे केंद्र सरकारचा, म्हणजे व्यवहारात गृह मंत्रालयाच्या विदेशी नागरिक विभागाचा. विमानतळावर पासपोर्टवर शिक्का मारणारा माणूस ब्युरो ऑफ इमिग्रेशनचा, त्याचा प्रमुख आयुक्त. देशात राहणाऱ्या परदेशी माणसांची नोंदणी मोठ्या शहरांत एफआरआरओकडे (परदेशी नागरिकांचं प्रादेशिक नोंदणी कार्यालय), बाकी ठिकाणी जिल्ह्याच्या पोलिसांकडे. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात साधारणपणे विशेष शाखेकडे. पासपोर्ट हा तर परराष्ट्र मंत्रालयाचा विषय, विदर्भासाठी त्याचं प्रादेशिक कार्यालय नागपुरात आहे. आणि नागरिकत्वाचा अर्ज हातात घेतो, तपासतो, शेवटी शपथ देतो तो जिल्हाधिकारी. कॅनडात व्हिसापासून नागरिकत्वापर्यंतचे निर्णय एकाच खात्यात आहेत आणि तुम्ही म्हणता त्या प्रमुखाचं ‘कामकाजाचा सहायक उपमंत्री’ हे नाव ऐकायला राजकारणी वाटलं तरी तो पक्का सनदी अधिकारी असतो. तिथेसुद्धा सीमेवरचा शिपाई २००३ पासून वेगळ्या संस्थेचा आहे. थोडक्यात, तुकडे सगळीकडे असतात. आपल्याकडे ते जरा जास्त आहेत, आणि मधल्या फटीत माणूस राहतो.

तुमच्या मागच्या गल्लीतल्या घरात शिरू. ते घर मी पाहिलेलं नाही, पण तशी बरीच पाहिली आहेत. आजी, तिचा मुलगा, सून आणि दोन नातवंडं. बहुतेक जोधपूरच्या बाजूने आले असतील. २०१९ मध्ये बंद पडेपर्यंत थर एक्स्प्रेस होती. आल्यावर चोवीस तासांत पोलिसांकडे हजेरी. मग दीर्घ मुदतीच्या व्हिसाचा अर्ज, ज्याला सगळे नुसतं एलटीव्ही म्हणतात. २०१६ नंतर एलटीव्हीवरच्या, तिकडच्या अल्पसंख्याक समाजांतल्या लोकांना बऱ्याच गोष्टी सोप्या झाल्या: बँक खातं, पॅन, आधार, वाहन परवाना, स्वतः राहण्यापुरतं घर. नागरिकत्व नोंदणीचं शुल्कही हजारांतून १०० रुपयांवर आलं. त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, यांचं तर सगळं झालंय. दुकान आहे, स्कूटर आहे, पोरं शाळेत जातात.

पण कायद्याच्या चष्म्यातून त्या एका घरात चार वेगळी माणसं दिसतात. आजी सत्तरीची. तिचा जन्म पाकिस्तानात झाला, पण तिच्या वडिलांचा जन्म फाळणीच्या आधीचा, सिंधमधल्या शिकारपूरचा. कलम ५ म्हणतं, स्वतः किंवा आई-वडिलांपैकी एक जण अविभाजित भारतात जन्मलेला असेल तर तो माणूस भारतीय वंशाचा. मग सात वर्षं वास्तव्य दाखवून नोंदणीने नागरिकत्व मागता येतं. म्हणजे आजी बसते. तिचा मुलगा चाळिशीचा. त्याचे आई-वडील दोघंही फाळणीनंतरचे. आजोबा शिकारपूरचे असून उपयोग नाही, कायदा आजोबांपर्यंत जात नाही. त्याला कलम ६ खाली देशीयकरणाच्या, म्हणजे दीर्घ वास्तव्यावर मिळणाऱ्या नागरिकत्वाच्या, रांगेत उभं राहायचं: अर्जाच्या आधीचं सलग एक वर्ष आणि त्यापूर्वीच्या चौदा वर्षांतली किमान अकरा वर्षं भारतात. आई-वडिलांची नोंदणी झाली की प्रौढ मुलाला आणखी एक पोटकलम उघडतं, पण म्हणजे त्याची फाईल त्यांच्या फायलीच्या मागे बांधली गेली. सून जर इथलीच, खामल्याची भारतीय मुलगी असेल तर नवऱ्याला तिच्या नात्याने सात वर्षांची तिसरी वाट आहे. आणि तीही तिकडचीच असेल तर धाकटी नात, जिचा जन्म नागपूरच्या दवाखान्यात झाला, जिला सिंध नकाशावर दाखवता येणार नाही, तीसुद्धा भारतीय नाही. ३ डिसेंबर २००४ नंतर इथे जन्मलेल्या मुलाचे आई-वडील दोघं भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. तिला आई-बाप नागरिक होईपर्यंत थांबायचं.

एका घरात चार पोटकलमं. मला हे कळायला वर्ष लागलं होतं. घरातली माणसं मात्र एकाच दिवशी, एकाच पिशवीत सगळ्यांचे कागद घेऊन येतात आणि विचारतात, “साब, हमारा कब होगा?” त्या “हमारा”ला उत्तर नसतं.

आता वास्तव्याचं गणित. कलम ५ मधल्या भारतीय वंशाच्या अर्जदाराचं सात वर्षं म्हणजे सरळ सात वर्षं नव्हे. अर्जाच्या लगेच आधीचे बारा महिने सलग, आणि त्याच्या आधीच्या आठ वर्षांपैकी सहा. बारा महिन्यांतल्या सलगपणात केंद्र सरकार खास कारणासाठी सूट देऊ शकतं, २०१५ च्या दुरुस्तीपासून, पण तीही सगळी मिळून तीस दिवसांची. एका गृहस्थाचं मला आठवतं. सगळे कागद चोख, अर्ज भरायला दोन महिने उरलेले. तिकडे थोरला भाऊ गेला. हा अंत्यविधीला गेला, बाराव्या-तेराव्यानंतर वहिनीच्या वाटणीचं निस्तरता निस्तरता एकेचाळीस दिवस झाले. परत आला तो पासपोर्टवरचे दोन शिक्के घेऊन, आणि त्या दोन शिक्क्यांनी त्याचं बारा महिन्यांचं घड्याळ पुन्हा शून्यावर नेलं. जाण्याआधी त्याला कुणीतरी एवढंच सांगायला हवं होतं की महिन्याच्या आत ये. तो पोलिसांकडे परवानगीला आला होता, तिथे रजेचा अर्ज घ्यावा तसा त्याचा अर्ज घेतला गेला. कुणीच नियम मोडला नाही.

कॅनडात अर्जदाराला सरकारच दिवस मोजायची गणकपट्टी देतं: पाच वर्षांत १,०९५ दिवस प्रत्यक्ष हजर. माणूस घरी बसून स्वतःचे दिवस मोजतो. आपलं गणित अवघड आहे म्हणून अशी पट्टी जास्त गरजेची. पण असू दे.

पुढचा टप्पा फाईल वर जाण्याचा. जिल्हाधिकारी पात्रतेचा अहवाल लावून राज्याच्या गृह विभागाला पाठवतो, तिथून ती दिल्लीला. त्याला समांतर गुप्तवार्ता यंत्रणेचा अहवाल. २३ डिसेंबर २०१६ च्या अधिसूचनेने या वाटेला एक आडवाट काढली होती. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातल्या सहा अल्पसंख्याक समुदायांच्या अर्जांपुरते केंद्राचे अधिकार सात राज्यांतल्या सोळा जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना दिले. महाराष्ट्रातले चार: मुंबई, पुणे, ठाणे आणि आपलं नागपूर. नागपूर त्या यादीत का, हे जरीपटक्यासारख्या सिंधी वस्तीत राहणाऱ्या मुलीला सांगायला नको. बाकीच्या जिल्ह्यांत हाच अधिकार राज्याच्या गृह सचिवाकडे.

अधिकार खाली आला म्हणजे काम लवकर होतं, असं वाटतं. होतंही, पण आपोआप नाही. इथे माझ्या चुकीकडे येतो.

कारकिर्दीच्या सुरुवातीला, अधिकार-बिधिकार खाली यायच्या फार आधी, माझ्याकडे एका वृद्ध बाईंची फाईल होती. पहिल्याच वाचनात मला दिसलं की पासपोर्टवर नाव “लक्ष्मीबाई” आणि एलटीव्हीवर “लछमी”. मी त्रुटीपत्र काढलं. दोन महिन्यांनी प्रतिज्ञापत्र आलं. मग दिसलं की पाकिस्तानी पासपोर्टची मुदत संपलीय. दुसरं त्रुटीपत्र. त्यांना दिल्लीतल्या उच्चायुक्तालयाकडे जावं लागलं, मुदतवाढीला पाच महिने. तोवर एलटीव्हीची मुदत संपत आली, तिसरं पत्र. ते नूतनीकरण होईस्तोवर पोलिसांचा चारित्र्य अहवाल जुना झाला. चौथं. माझ्या कार्यविवरण नोंदवहीत त्या प्रकरणावर दर महिन्याला कार्यवाही दिसत होती. साहेबांच्या मासिक बैठकीत मी ठणकावून सांगायचो, “प्रकरण आमच्याकडे प्रलंबित नाही, अर्जदाराकडे प्रलंबित आहे.” आणि ते खरं होतं!

एके दिवशी शिपाई आत आला. “साहेब, ते लछमी आजी आली जी परत.” मी म्हटलं, पाठव. ती आत आली, खुर्चीवर बसली नाही, पिशवीतून माझी चारही पत्रं काढून टेबलावर ओळीने मांडली, पत्ते मांडावेत तशी. म्हणाली, “बेटा, ये चारों एक दिन में नहीं पूछ सकते थे?”

विचारता आले असते. पहिल्या दोन त्रुटी पहिल्याच दिवशी फायलीत होत्या, आणि उरलेल्या दोन मुदती कधी संपणार हे तारखांवरून तेव्हाच दिसत होतं. पासपोर्टची तारीख त्याच पानावर होती जिथे मी नावाचं स्पेलिंग तपासलं. मी पहिली चूक सापडली की वाचणं थांबवत होतो, कारण पत्र काढलं की फाईल माझ्या टेबलावरून प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात जायची आणि माझी आकडेवारी सुधारायची. ती बाई नंतर नागरिक झाली, पण माझ्यामुळे तिची किमान दीड वर्षं गेली.

तेव्हापासून माझा एक नियम होता आणि हाताखालच्यांना मी तो लेखी देत असे. एका फायलीवर एकच त्रुटीपत्र. दुसरं काढायचं असेल तर पहिल्या वेळी ते का दिसलं नाही, हे टिपणीत लिहून माझ्याकडे पाठवायचं. पहिल्या तीन महिन्यांत शिव्या खाल्ल्या. चौथ्या महिन्यात दुसरी पत्रं जवळजवळ बंद झाली, कारण तो खुलासा लिहिण्यापेक्षा फाईल शेवटपर्यंत वाचणं सोपं होतं.

तुमच्या मधल्या प्रश्नाचं हेच उत्तर. मोठा अधिकारी सह्या करतो, पण सह्या हा दिवसातला सगळ्यात हलका भाग. त्याचं खरं काम हजार फायली हाताळणारे पन्नास हात एकाच मापाने मोजतात की नाही, हे बघणं. जिल्ह्यात हात पाच असतात, दिल्लीत किंवा ओटावात पाच हजार; प्रकार तोच.

दोन गोष्टींवर थोडं थांबतो.

एक, सरासरी. वरच्या बैठकीत नेहमी सांगितलं जातं, सरासरी निपटारा इतक्या दिवसांत. या कामात सरासरीसारखी फसवी गोष्ट नाही. सोप्या फायली पटापट निघतात, सरासरी उतरते, सगळे खूश. आणि तळाशी वीस-पंचवीस फायली वर्षानुवर्षं कुजत असतात, ज्यांना हात लावला तर सरासरी बिघडेल म्हणून कुणी हात लावत नाही. ज्याला खरं बघायचं आहे तो यादी उलटी लावायला सांगतो: सगळ्यात जुनी सगळ्यात वर. आणि मग दर सोमवारी फक्त पहिल्या दहा. प्रत्येकीला एकच प्रश्न: कुणाच्या उत्तराची वाट बघतोय, आणि त्याला फोन कधी केला? पत्र नव्हे, फोन. अर्धशासकीय पत्र, म्हणजे अधिकाऱ्याने अधिकाऱ्याला नावानिशी लिहिलेलं पत्र, हे आपल्याकडचं ब्रह्मास्त्र, पण ते ब्रह्मास्त्र दर आठवड्याला सोडलं तर त्याचा फटाका होतो.

दुसरी गोष्ट कलम १४. फार कमी लोकांना माहीत असतं की नागरिकत्वाचा अर्ज मंजूर किंवा नामंजूर करताना कारणं द्यायला सरकार बांधील नाही, असं कायद्यातच लिहिलंय. म्हणून नामंजुरीचं पत्र दोन ओळींचं असू शकतं. माझं म्हणणं असं की जिथे कायदा कारण मागत नाही तिथे वरिष्ठाने ते स्वतःच्या टिपणीत दुप्पट मागावं. बाहेर जाऊ नये ते जाऊ नये, गुप्त अहवाल गुप्तच राहावा, पण आत फायलीवर पूर्ण वाक्यात कारण हवं. “तपासणी अहवाल प्रतिकूल” हे कारण नव्हे. कुणाचा अहवाल, कशाबद्दल प्रतिकूल, अर्जदाराशी ताडून पाहिला का? मी एकदा एक प्रतिकूल अहवाल परत पाठवला होता, कारण तो त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाचा निघाला. वडिलांचं नाव वेगळं होतं आणि ते पान कुणी उलटलंच नव्हतं.

२०२४ पासून आणखी एक समांतर वाट आहे, तिचा उल्लेख केला नाही तर उत्तर अपुरं राहील. नागरिकत्व कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीचे, म्हणजे सीएएचे, नियम ११ मार्च २०२४ ला आले. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिस्ती अर्जदारांना अकराऐवजी पाच वर्षं. यात जिल्हाधिकारी निर्णयातून बाजूला गेला. जिल्हास्तरीय समितीचा अध्यक्ष टपाल खात्याचा वरिष्ठ अधीक्षक किंवा अधीक्षक, राज्यस्तरीय अधिकारप्राप्त समितीचा अध्यक्ष जनगणना संचालक. जिल्हाधिकाऱ्याचा प्रतिनिधी नायब तहसीलदार दर्जाचा, तोही निमंत्रित. आणि निमंत्रितांत रेल्वेचा स्टेशनमास्तर. हे वाचून आमच्या निवृत्तांच्या कट्ट्यावर बरेच विनोद झाले. पण विचार केलात तर टपाल खात्याला पत्ता खरा की खोटा हे आपल्यापेक्षा जास्त कळतं.

या वाटेतला गोंधळ तारखेचा आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि विदेशी नागरिक कायदा लागू झाला. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० चे चार जुने कायदे गेले. त्याच्या सूट आदेशात याच समुदायांसाठी तारीख ३१ डिसेंबर २०२४ आहे. पण ती कागदपत्रांविना राहण्याबद्दलच्या कारवाईपासून सूट आहे. नागरिकत्वाची तारीख २०१४ चीच. लोक दोन्ही एकच समजतात आणि एजंट ती समजूत दूर करत नाहीत, उलट तिच्यावर फी घेतात. तुमच्या शेजारच्यांना तेरा वर्षं झाली म्हणता, म्हणजे २०१४ च्या आतले. त्यांनी या वाटेने अर्ज केला आहे का, एवढं विचारा. जुन्या वाटेवरची फाईल धरून बसलेली अशी घरं असतात, आणि “तुमच्यासाठी दुसरं दार उघडलंय” हे कळवणं कुणाच्याच कामाच्या यादीत नसतं.

हा गठ्ठा कधी पेटतो, तेही सांगतो. पहलगामचा हल्ला २२ एप्रिल २०२५ चा. त्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द झाले, वैद्यकीय व्हिसांना २९ पर्यंत मुदत; हिंदू पाकिस्तानी नागरिकांचे एलटीव्ही कायम राहतील असं स्पष्ट केलं गेलं. मी तेव्हा निवृत्त होतो. तरी कल्पना करा, अशा आठवड्यात वरून विचारणा येते: तुमच्याकडे किती, कोण कोणत्या व्हिसावर, उद्या सकाळपर्यंत. ज्याचा एलटीव्ही संपला आहे आणि नूतनीकरणाचा अर्ज तुमच्याच कपाटात चार महिने पडून आहे, त्याला कुठल्या रकान्यात घालणार? ज्या कार्यालयाने दुसरा गठ्ठा वेळेवर सोडवलेला असतो त्याची यादी दोन तासांत तयार होते. बाकीच्यांकडे रात्रभर दिवे चालू, आणि जरीपटक्यासारख्या वस्तीत कुणी झोपत नाही.

नागपूरचं काम फक्त सिंधी घरांपुरतं नाही. हिवाळ्यात फुटपाथवर स्वेटर विकणारे तिबेटी दुकानदार तुम्ही पाहिले असतील. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात, प्रतापगड-गोठणगावच्या बाजूला नोरग्येलिंग ही त्यांची वसाहत १९७० च्या दशकापासून आहे. त्यांच्याकडे नोंदणी प्रमाणपत्र असतं, प्रवासाला पासपोर्टऐवजी ओळख प्रमाणपत्र. त्यातले जे २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मले ते कायद्याने जन्मतःच भारतीय, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने ते मान्यही केलं आहे. घरात १९८६ चा थोरला भारतीय आणि १९८८ चा धाकटा परदेशी, असं होऊ शकतं. गडचिरोलीत मुलचेरा-चामोर्शीकडची बंगाली गावं पूर्व पाकिस्तानातून आलेल्यांची. त्यांची गोष्ट वेगळी आणि लांब आहे. दीक्षाभूमीमुळे परदेशी भिक्खू येतात. त्यातले जपानमध्ये जन्मलेले भदन्त सुरेई ससाई इंदोऱ्याच्या विहारात राहिले, भारतीय नागरिक झाले आणि पुढे राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाचे सदस्यही. शिवाय परदेशी विद्यार्थी, हजची उड्डाणं, आणि चोवीस तासांत परदेशी पाहुण्याची माहिती कळवायचा फॉर्म भरायला विसरणारे लॉजवाले. हे शेवटचं सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि पोलिसांना धागा सापडतो तो बहुधा त्याच कंटाळवाण्या कागदात.

उलट दिशेचंही असतं. २०२४ मध्ये २,०६,३७८ भारतीयांनी नागरिकत्व सोडलं, हा संसदेत दिलेला आकडा आहे. धरमपेठेतले आई-वडील विचारायला येतात, मुलाने अमेरिकेची शपथ घेतली, इकडचा पासपोर्ट ठेवला तर चालेल ना? नाही चालत. कलम ९ प्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं त्या क्षणी आपलं संपलं, पासपोर्ट परत करायचा. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळतं ते) म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे: मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वाडीची चार एकर पोराच्या नावे घ्यायचं मनात असलेल्या वडिलांचा चेहरा इथे पडतो.

तुम्ही परीक्षा द्याल, कदाचित उपजिल्हाधिकारी व्हाल, आणि एखाद्या बदलीत गृह शाखा तुमच्याकडे येईल. कुणी ती मागून घेत नाही. वाळूचे लिलाव नाहीत, भूसंपादन नाही, बातमी नाही. आली तर पहिल्या आठवड्यात कुणाला न सांगता प्रतीक्षाधीन गठ्ठा टेबलावर मागवून घ्या आणि खालून वर वाचा. त्रुटीपत्रं मोजा. एकाच फायलीवर तीन दिसली तर ती फाईल बाजूला काढा.

आणि शपथेच्या दिवशी स्वतः हजर राहा. ती शपथ लहान आहे: राज्यघटनेवर श्रद्धा आणि निष्ठा ठेवीन, कायदे पाळीन, नागरिकाची कर्तव्यं पार पाडीन. देशीयकरणाच्या अर्जदाराला आठव्या अनुसूचीतली एक भाषा यायला हवी. १९६७ पासून सिंधी त्या अनुसूचीत आहे. माझ्यासमोर एकदा एक म्हातारा उभा होता, त्याला देवनागरी वाचता येत नव्हती, त्याचं सिंधी अरबी लिपीतलं. लिपिक अडला, म्हणाला, कागद तर मराठीत छापलाय. मी म्हटलं, कायद्यात भाषा लिहिली आहे, लिपी लिहिलेली नाही. त्याच्या नातीने त्याच्या वहीतल्या पानावर शपथ उजवीकडून डावीकडे लिहून दिली, आणि त्याने ती वाचली. वाचून झाल्यावर त्याने ते पान घडी घालून खिशात ठेवलं. लिपिक माझ्याकडे बघायला लागला, कारण ते पान फायलीत लागायला हवं होतं. मी त्याला नातीकडून दुसरी प्रत लिहून घ्यायला सांगितली.